तीन रेघांच्या बाटल्या

बाटल्या धुऊ नका, जशा सापडल्या तशाच ठेवा, असं ज्ञानचंदांनी फोनवर बजावलं होतं. धम्मरत्नने ते रूपाला सांगितलंही होतं. पण नव्या घराच्या पहिल्याच कार्यक्रमाला धुळीने माखलेल्या बाटल्या टेबलावर मांडायच्या, हे रूपाच्या काही पचनी पडेना. तिने त्या आदल्या दिवशीच राखेने घासल्या, चिंचेच्या पाण्यातून काढल्या आणि लख्ख करून ठेवल्या. आता हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर त्या पाची बाटल्या अशा चमकत होत्या की बायकोवर चिडावं की तिचं कौतुक करावं, हे धम्मरत्नला ठरवता येईना.

"किती वर्साची माती होती त्यायच्यावर, मालूम हाये का?" तो म्हणाला.

"माती नोती, राकेलचा चिकटा होता," रूपा म्हणाली. "वास येऊन राह्यला होता. भन्तेजी बसतीन ना तठी."

कामरगावचं जुनं मातीचं घर पाडताना चुलीमागच्या भिंतीत या बाटल्या मिळाल्या होत्या. हिरवट काचेच्या, जाड बुडाच्या, गळ्यात गोटी अडकलेल्या सोड्याच्या बाटल्या. तेव्हापासून घरातल्या माणसांची वागणूकच बदलली. एरवी सणावारालाही फोन न करणारी धम्मरत्नची बहीण धम्मदीपा रिसोडहून रोज चौकशी करू लागली. धम्मरत्नच्या मुलाने, उत्कर्षने, बाटल्यांचे फोटो मोबाइलवर टाकले आणि कॉलेजचा अभ्यास सोडून तो त्याखाली कोण काय म्हणतंय ते वाचत बसला. रूपाला त्या विकून वरच्या मजल्याच्या खिडक्या करून घ्यायच्या होत्या. धम्मरत्नला विकायच्या नव्हत्या. मुख्याध्यापक माणूस, आयुष्यभर मुलांना थोरांच्या गोष्टी सांगितलेला. आता त्याला आपल्या घराची गोष्ट सापडली होती.

गोष्ट अशी, की त्याचे आजोबा जगदेव यांचं कारंज्याच्या बाजारात सोडावॉटरचं दुकान होतं. नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी दुकानातल्या प्रत्येक बाटलीच्या खांद्यावर कानशीने तीन आडव्या रेघा ओढल्या. बुद्ध, धम्म, संघ. ही गोष्ट त्याला लहानपणी वडिलांनी सांगितली होती. तेव्हा त्याने ती वहीत लिहून मास्तरांची शाबासकी मिळवली होती, आणि आता ती फाटकाच्या खांबावर, काळ्या ग्रॅनाइटवर कोरून घेतली होती. वर सोनेरी रंगात तीन रेघा, खाली 'जगदेव निवास'.

दुपारी वंदना, खीरदान आणि मग छोटासा कार्यक्रम. त्यात कारंज्याचे ज्ञानचंद बाटल्यांविषयी दोन शब्द बोलणार होते. आडतीचा धंदा मुलांवर सोपवून हा ऐंशीला टेकलेला माणूस जुन्या काचेच्या नादी लागला होता. अत्तराच्या कुप्या, औषधाच्या बाटल्या, कंदिलाच्या काचा, काही म्हणून सोडत नसे. आसपासच्या गावांत कुणाला जुनी बाटली सापडली की लोक त्यांनाच विचारत.

या माणसाला बोलावू नये, असं घरात एकट्या उकंडरावांना, धम्मरत्नच्या वडिलांना, वाटत होतं. "कायले पायजे तो मानूस? घरच्या वस्तूले बाहेरचा साक्षीदार कायले?" असं ते दोन-चारदा म्हणालेही. म्हातारपणाची कुरकुर म्हणून धम्मरत्नने ते कानाआड केलं.

*

ज्ञानचंद आले ते स्वतःच्या पाण्याची बाटली काखोटीला मारून. नातू त्यांना फाटकाशी सोडून कारंज्याला परत गेला. ते खाली मान घालून, काठी टेकत, थेट हॉलमध्ये आले.

"जय जिनेंद्र," ते म्हणाले.

"जयभीम, काका. या, बसा."

रूपाने ट्रेमधून पाणी आणलं. त्यांनी हात जोडले आणि आपली बाटली वर करून दाखवली. "माफ करा बाई, मी उकळलेलंच पेतो. डॉक्टरचं नाही, आमच्या धर्माचं आहे." यात नवीन काही नव्हतं. कारंज्याच्या बाजारात जाणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. रूपा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली, कारण बाटल्यांचं काय निघतं ते तिला ऐकायचं होतं.

ज्ञानचंदांनी पहिली बाटली उचलली तेव्हा त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. खिडकीजवळ जाऊन त्यांनी ती उजेडात फिरवली.

"कोनी घासली हिले?"

रूपाने ट्रे छातीशी ओढून घेतला.

"घासली तं घासली. काच फुटली नाही, हे नशीब. हे पाहा सर, इथं बोट ठेवा. ही साच्याची शिवण आहे. खालून वर येऊन राह्यली, अन् ओठाच्या खाली थांबली. म्हंजे ओठ मागून हातानं बसवला. हे काचेतले बुडबुडे पाहा. अन् पोटावर उठावाचं इंग्रजी नाव आहे, ते विलायतेतल्या गावाचं. ही तिकडून जहाजानं आलेली." त्यांनी तशाच आणखी दोन बाजूला काढल्या. "या दोन नंतरच्या. शिवण पार ओठावरून गेली. मशीनचा माल, इकडच्या कारखान्यातला."

"म्हंजे नकली का?" धम्मदीपाने विचारलं.

"नकली नाही बाई. फक्त वयानं लहान. नकली आजकाल हॉटेलात शोभेले ठेवतात त्या. त्याची काच अशी पातळ असते, अन् गोटी प्लास्टिकची. तुमच्या पाचीच्या पाची गोट्या शाबूत आहेत. पोरं गोटीसाठी बाटल्या फोडत, म्हनून अख्खी बाटली भेटत नाही कुठं."

"मंग एक माह्या घरी राह्यन," धम्मदीपा म्हणाली. "माहाही आजाच होता तो."

"दीपा, आज नको," धम्मरत्न म्हणाला.

"आज नको, उद्या नको. घराच्या दगडावर आजाचं नाव टाकताना मले कोनी विचारलं का?"

"ताई, बाटली नेऊन काय करसान तुमी?" रूपाने विचारलं. "सरकारी क्वार्टरात ठेवाले जागा तरी हाये का?"

"वहिनी, खिडक्या करन्यापेक्षा बरं."

ज्ञानचंद हे काही ऐकत नव्हते. बाटलीच्या खांद्यावरून त्यांचं बोट फिरत होतं आणि एका जागी ते थांबलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. दुसरी बाटली घेतली. तिसरी घेतली. मग चौथीला त्यांनी हातच लावला नाही.

"हेच तुमाले दाखवाचं होतं," धम्मरत्न पुढे सरसावला. शिकवणाऱ्या माणसाला आपला आवडता धडा आला की होतं, तसं त्याला झालं. त्याने दुकान, दीक्षा, कानस, बुद्ध, धम्म, संघ, सगळं सांगितलं. "कारंज्यालेच होतं दुकान. तुमच्या वडलाच्या बोलन्यात आलं असन ना? जगदेव सोडावाले?"

ज्ञानचंदांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या उकंडरावांवर ती थांबली. उकंडराव त्यांच्याकडेच बघत होते, आणि नजर मिळताच त्यांनी ती खाली घातली.

"आलं असन," ज्ञानचंद म्हणाले. "लय जुनी गोष्ट आहे."

"या खुणेनं किंमत वाढते का कमी होते?" रूपाने विचारलं.

"ओरखडे असले की हौशी मानूस कमीच देते, बाई."

"ते ओरखडे नाही, काका," धम्मरत्न दुखावून म्हणाला.

ज्ञानचंदांनी मान हलवली. मग अचानक हात पुढे करून रूपाच्या ट्रेमधला पेला उचलला आणि ते पाणी घटाघट पिऊन टाकलं. उकळलेलं आहे का, हेही विचारलं नाही. दुसरी एखादी असती तर खूश झाली असती. रूपाला मात्र ते पाणी पिणं आवडलं नाही. त्यांनी मघाशी नाही म्हटलं तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. हा माणूस कशाचं तरी औषध घ्यावं तसा आपल्या घरचं पाणी प्यायला, असं तिच्या मनात आलं, आणि कारण कळेना तरी तिचे कान गरम झाले.

*

माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या हातापायांवर जास्त विश्वास ठेवायचा, हे धम्मदीपा नोकरीत शिकली होती. आरोग्य केंद्रात आलेली बाई काही झालं नाही म्हणते आणि पोटावरचा हात काढत नाही. ज्ञानचंदांनी चौथी बाटली का उचलली नाही, हे तिच्या डोक्यातून जाईना. जरा मोकळ्या हवेत जातो म्हणून ते उठले, तशी तीही मागोमाग निघाली.

ते फाटकाशी उभे होते. येताना खाली मान घालून आल्यामुळे खांबावरचा दगड त्यांनी पाहिला नव्हता. तो आता ते पाहत होते. काठी दोन्ही हातांनी धरली होती आणि ओठ नुसते हलत होते.

"अरे राम," ते म्हणाले. "दगडावर?"

"काका, काय हाये ते सांगा," धम्मदीपा म्हणाली.

"काही नाही, बाई."

"मी त्या घरची लेक हाये. मले सांगाचं नसन तं मंग दादाले सांगा. पन तुमी सांगतल्याशिवाय मी तुमाले फाटकाच्या बाहीर जाऊ देत नाही."

हे ती अशा आवाजात म्हणाली की ज्ञानचंदांनी फाटकाकडे खरोखरच एकदा पाहून घेतलं. मग ते बोलले. सावकाश, दगडाकडे बघत. कारंज्याला सोड्याचं दुकान एकच होतं आणि ते त्यांच्या आजोबांचं होतं. दुकानाच्या मागे एक ओटा होता. पुढून येणाऱ्या गिऱ्हाइकाला साधी बाटली. मागच्या ओट्यावर बसणाऱ्यांना वेगळी. धुताना दोन्ही एकत्र होऊ नयेत म्हणून वेगळ्या बाटल्यांवर कानशीने रेघा मारलेल्या असत.

"मागच्या ओट्यावर कोन बसे?" धम्मदीपाने विचारलं. तिला कळलं होतं. तरी तिने विचारलं.

"तुमची मानसं," ज्ञानचंद म्हणाले. "मी लहान होतो. भिंतीवरून बाटली द्याचं काम माह्याकडं असे. तीन रेघांची घे, असं आजोबा आवाज देत."

समोरच्या रस्त्याने जीप गेली. ड्रायव्हरने ओळखीने हॉर्न वाजवला आणि धम्मदीपाने सवयीने हात वर केला. तो तिचा तिलाच नकोसा झाला.

"मघा किंमत कमी सांगतली ती हौशी मानसाची," ज्ञानचंद म्हणाले. बाटल्यांच्या बाबतीत खोटं बोलणं बहुतेक त्यांना जमत नसावं. "एखाद्या म्यूझियमवाल्याले दाखवसान तं तो या रेघांचेच जास्त पैसे देईन. अशी बाटली कोनी ठेवली नाही. आमीही नाही ठेवली."

"म्हंजे आमच्या लाजेची किंमत जास्त."

लाज तुमची कशाची, ती आमची आहे, असं म्हणायला ज्ञानचंदांनी तोंड उघडलं. पण साठ-सत्तर वर्षं न उच्चारलेलं वाक्य असं फाटकाशी उभं राहून येत नाही. त्यांना ते आलं नाही, आणि आलं नाही याची आणखी लाज वाटली.

*

मधल्या खोलीचं दार लोटून घेतलं तेव्हा, काय झालं असावं, हे उकंडरावांना कुणी सांगावं लागलं नाही. धम्मरत्न पलंगाच्या कडेला बसला होता. धम्मदीपा आणि रूपा कपाटाला टेकून उभ्या होत्या. सकाळपासून एकमेकींना टोचत असलेल्या त्या दोघी आता खांद्याला खांदा लावून होत्या. ज्ञानचंद दाराशी, आत यावं की नाही अशा विचारात.

"बाबा," धम्मरत्न म्हणाला, "आजाचं दुकान होतं का नोतं?"

"नोतं."

"मंग काय करे तो?"

"जिनात हमाली. कापसाच्या गाठी उचले." उकंडरावांनी दाराकडे पाहिलं नाही. "बजाराच्या दिशी बाईले, माह्या मोठ्या बहिनीले, अन् मले संगं ने. मांगच्या ओट्यावर बसवे. हे शेठ सांगतात ते खरं हाये."

"तुमाले मालूम होतं. मी दगड बनवाले टाकला, तईही मालूम होतं."

"होतं."

"एका शब्दानं बोलले नाही?"

दगडाचा कागदावरचा नमुना धम्मरत्नने उकंडरावांनाच आधी दाखवला होता. रेघा जाड करू की बारीक, असं विचारलं होतं. जाड कर, असं ते म्हणाले होते. दुसरं काय म्हणावं ते त्यांना तेव्हा सुचलं नव्हतं.

"दीक्षेनंतर काय झालं?" धम्मदीपाने विचारलं.

"दीक्षेनंतर बा त्या ओट्यावर चढला नाही. आपल्यातलं कोनीच नाही चढलं. उन्हायात जीभ कोल्ली पडे, पन नाही. मांगचा धंदा बसला. मंग यायच्या दुकानवाल्यानं त्या बाटल्या उकिरड्यावर फेकून देल्ल्या."

"मंग यात लाजासारखं काय हाये बाबा?" धम्मदीपाचा आवाज चढला. "नाही म्हनला ना तो! एवढी मोठी गोष्ट! दुकानापेक्षा मोठी. हेच काहून नाही सांगतलं दादाले?"

"अन् बाटल्या घरात कशा आल्या, ते कोन सांगन?" उकंडरावांनी विचारलं.

धम्मरत्नने मान वर केली.

"तोच घेऊन आला," उकंडराव म्हणाले. "उकिरड्यावरून. घरात राकेल ठेवाले बाटली नोती. माय म्हने, काच चांगली हाये, कोनी नेईन त्याच्या आंधी घेऊन या. ज्या बाटलीतून पेत नाही म्हनला, तेच बाटली वाकून उचलली त्यानं. मले रस्त्यावर उभं केलं होतं. कोनी पाह्यते का पाय, म्हने." त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. "नाही म्हनला हे सांगतलं असतं, तं हेही सांगा लागलं असतं. तू एवढासा होता. मास्तरनं आजाचं लिहून आनाले सांगतलं म्हने. चुलीपाशी बाटली होती. तुनं इचारलं, ह्या रेघा कायच्या. मी काय सांगू?"

बुद्ध, धम्म, संघ हे त्या पोरानेच बोटांवर मोजत म्हटलं होतं, आणि बापाने नुसती मान हलवली होती. ते आता कुणी बोलून दाखवलं नाही. धम्मरत्नला ते आठवलं होतं.

बाहेर मंडपात खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. त्याचे जुने विद्यार्थी आले होते, शाळेतले सहकारी आले होते, सरपंच येणार होते. पत्रिकेत बाटल्यांचा उल्लेख होता. धम्मरत्न उठून उभा राहिला.

"आज नाही," तो म्हणाला. "आज काहीच नाही सांगाचं. मंग पाहू."

"सर, बरोबर आहे तुमचं," ज्ञानचंद दारातून लगेच म्हणाले. "मी सांगतो, बाटल्या अस्सल आहेत. खूण दुकानाची आहे म्हनतो. दुकानदार अशा खुणा करतच होते. हे खोटंही नाही."

"खरंही नाही," धम्मदीपा म्हणाली.

"ताई, आज चारचौघांत..." धम्मरत्न बहिणीला ताई म्हणाला, यावरूनच तो किती अडचणीत होता ते कळावं. एरवी ती दीपा असे.

"मामाजी, तुमाले काय वाटते?" रूपाने सासऱ्यांना विचारलं.

उकंडरावांना काय वाटत होतं? त्यांना वाटत होतं की जमीन दुभंगावी. पण त्याहून खाली, मनाच्या तळाशी, त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं. अजून एक दिवस मिळाला होता. "धम्मा म्हन्ते तसं करा," ते म्हणाले.

"अन् फाटकावरच्या दगडाचं?" रूपाने नवऱ्याला विचारलं. "त्याच्यापुढून माह्या पोरानं रोज जा-ये कराचं का?"

"सांगतलं ना, आज नाही!"

दुकानाच्या पुढच्या आणि मागच्या, अशा दोन घरांचं या गोष्टीवर किती झटकन एकमत झालं, हे धम्मदीपाला बघवेना. ती रूपाचा हात धरून स्वयंपाकघरात निघून गेली. खिरीखाली जाळ मोठा झाला होता.

*

भन्तेजींनी त्रिसरण दिलं. बुद्धं सरणं, धम्मं सरणं, संघं सरणं. प्रत्येक वेळी धम्मरत्नच्या डोळ्यांपुढे एकेक रेघ येत होती आणि ती कुठली, हे त्याला ओळखता येत नव्हतं. मग पंचशील. सगळा मंडप एका सुरात म्हणत होता. 'मुसावादा वेरमणी' आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. धम्मरत्नने ते म्हटलं, पण आवाज ओठांच्या आत राहिला. त्याने चोरून वडिलांकडे पाहिलं. उकंडरावांचे ओठ मिटलेले होते. पुढच्या शीलाला ते पुन्हा हलू लागले.

खीरदान झालं. धम्मरत्न बोलायला उभा राहिला. बोलायची सवय होती म्हणून वाक्यं आपोआप येत गेली. "आमचे आजोबा जगदेव हे स्वाभिमानी होते," तो म्हणाला. हे खरं आहे, असं त्याला बोलता बोलता जाणवलं आणि तो मध्येच अडखळला. लोकांना वाटलं, सर भावुक झाले. दुकानाचं वाक्य आलं तसं त्याने ते पटकन उरकलं. ज्ञानचंद उठले. काच विलायती, शिवण ओठाच्या खाली, गोट्या शाबूत, हे त्यांनी छान सांगितलं. "खूण दुकानाची आहे," असं म्हणून ते खाली बसले तेव्हा टाळ्या वाजल्या. सरपंचांनी उकंडरावांच्या खांद्यावर शाल घातली. पुन्हा टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत केशरबाई बसल्या होत्या, उकंडरावांच्या वयाच्या, कारंज्याच्या बाजारात त्यांच्याच बरोबर मोठ्या झालेल्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होत्या.

एवढ्यात मंडपाच्या तोंडाशी गडबड झाली. केनवडहून धम्मदीपाचा नवरा अश्वजित भागिरथाबाईंना घेऊन आला होता. भागिरथाबाई म्हणजे उकंडरावांची थोरली बहीण. गाडी वाटेत पंक्चर झाली, त्याची गोष्ट अश्वजित धम्मदीपाला सांगू लागला. पण ती ऐकत नव्हती, नवऱ्याला बाजूला सारून पुढे निघाली होती. तिच्याआधी उत्कर्ष पोचला. त्याला मधल्या खोलीतलं कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने आजीला हाताला धरून थेट समोर नेलं आणि उकंडरावांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"काय रे, शाल-गील पांघरून बसला?" भागिरथाबाई भावाला म्हणाल्या. ऐकू कमी येत असल्याने त्या सगळं मोठ्यानेच बोलत. "लगन हाये का तुहं?"

लोक हसले. उत्कर्षने टेबलावरची एक बाटली उचलून त्यांच्या हातात दिली. "आजी, हे धरा. दोघायचा फोटो काढतो."

भागिरथाबाईंनी बाटली डोळ्यांजवळ नेली. लांब धरली. मग त्यांच्या तोंडावरच्या सुरकुत्या जराशा हलल्या. "हे कुठी भेटली रे?" असं त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी ती मांडीवर नीट उभी धरली.

उत्कर्षने मोबाइल वर केला, खाली घेतला. "आजी, आंगठा बाजूले घ्या ना. तीन रेघा झाकून राह्यल्या."

त्यांना ऐकू गेलं नाही. उत्कर्षने जवळ जाऊन त्यांचा अंगठा हलकेच उचलून बाजूला केला. त्याने हात काढताच तो पुन्हा होता तिथे जाऊन बसला.

"आजी, निशानी दिसू द्या लोकायले!"

"दिसू नाही द्याची बेटा ते," भागिरथाबाई म्हणाल्या. माईक टेबलावर चालूच होता आणि त्यांचा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मायनं शिकवलं होतं आमाले. मांगच्या ओट्यावर बसून पेताना तिच्यावर आंगठा ठेवाचा. मंग रस्त्यानं जानाऱ्या मानसाले वाटते, साधीच बाटली हाये."

ज्ञानचंदांनी डोळे मिटून घेतले. धम्मरत्न टेबलाच्या कडेला धरून उभा होता. आत्याला थांबवावं म्हणून त्याने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

भागिरथाबाई भावाकडे वळल्या.

"हो ना रे, उकंडा? तू तं दोन्ही हातानं झाके."

उकंडरावांनी शालीतून हात बाहेर काढले. नातू समोर उभा होता, मोबाइल अर्धवट वर धरलेला, काहीच न कळलेला. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "हो बाई. दोन्ही हातानं."